अकराशे चौसष्ट नंबरची पिशवी

"आमच्यातलं कुनीच देनार न्हाय," त्या चौघांतला वयानं मोठा होता तो म्हणाला आणि त्यानं सदऱ्याची वर सरकवलेली बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलं.

मे महिन्यातली दुपार होती. रक्तपेढीच्या दाराशी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ते चौघे उभे होते. वरच्या मजल्यावर त्यांच्यातल्याच एकाची बायको बाळंत झाली होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या गटाच्या दोनच पिशव्या आमच्या फ्रीजमध्ये होत्या, त्या मी वर पाठवल्या होत्या. आणखी दोन तरी लागणार होत्या.

"सून आहे ना तुमची ती?" मी विचारलं.

"सूनच हाय. म्हून तर जीप करून आणली. पर रगात न्हाय."

"दहा मिनिटांचं काम आहे हो. काही होत नाही."

"काई हुत न्हाई?" तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आनंदालाबी तुमी असंच सांगिटलंसा. दिलं त्यानं. कुटं हाय आता आनंदा?"

जणू आनंदा कोण हे मला ठाऊक असायलाच हवं, अशा नजरेनं चौघे माझ्याकडे बघत होते. तिचा नवरा, पोरसवदाच होता, एक पाऊल पुढे आला. मोठ्यानं त्याचा दंड धरला आणि त्याला अंगणात ओढून नेलं. मी जिन्यात उभी राहून बघत राहिले. शेवटी आमच्या दारासमोरचा रिक्षावाला आणि शेजारच्या शाळेतले एक शिक्षक धावून आले आणि ती बाई वाचली. तिचं गाव कोणतं म्हणून मी केसपेपर बघितला. आंबेखिंड.

या गोष्टीला आता वीस वर्षं उलटली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. लोकांना रक्तदानासाठी तयार करायचं, गावोगाव शिबिरं लावायची, हे माझं काम. नोकरी लागून आठच महिने झाले होते. गावातून बाहेर काढलं जाणं, "रक्त विकता का हो?" असं तोंडावर विचारलं जाणं, याची सवय होत आली होती. पण माणूस मेला, असं कुणी म्हणालं नव्हतं. मी स्वतः मुळात संशयी. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघणाऱ्या घरात वाढलेली. त्यामुळे त्या चौघांचा राग येण्याआधी मला प्रश्न पडला, की खरंच असं काही घडलं असेल तर?

पुढच्याच आठवड्यात मी एसटीनं आंबेखिंडीला गेले. डोंगराच्या बगलेत शंभरेक घरं. सरपंचांनी मला ओसरीवर बसवलंच नाही. "हिंदुराव मोहित्यांना भेटा, ते हो म्हणाले तर गाव हो म्हणंल," एवढंच सांगून मोकळे झाले. हिंदुराव म्हणजे आनंदाचा थोरला भाऊ.

ते अंगणात घायपाताचा दोर वळत बसले होते. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे. मी कुठून आले ते सांगितलं आणि त्यांच्या हातातला दोर थांबला.

"तीन वर्सं झाली," ते म्हणाले. "तुमचीच गाडी आली हुती. आमच्या मंडळानंच बोलावली. मीच अध्यक्ष. आनंदाला मीच म्हनलं, तू उतर, तू उतरलास की समदी उतरतील. गावात त्याच्यागत ताकदीचा मानूस न्हवता. जोतिबाच्या चैत्रातल्या जत्रंत तीस फुटी सासनकाठी एकटा कमरंवर पेलायचा. दिलं रगात. आन एकुनीस दिसांनी शेतात गवत कापताना पडला. डोस्क्यातली शीर तुटली, म्हनला डाक्टर. रगात काडलं, अंग रितं झालं, दुसरं काय?"

"रक्त दिल्यानं शीर तुटत नाही हो. उलट..."

"आत या."

त्यांनी मला सोप्यात नेलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. मिशीवाला, दांडगा, हसरा माणूस. त्याच्या शेजारी आमच्याच रक्तपेढीचं प्रमाणपत्र, काचेत बसवलेलं. 'रक्तदाते श्री. आनंदा ज्ञानू मोहिते.' खाली आमच्या डॉक्टर सबनीसांची सही.

"ही सही तुमचीच न्हवं? का हीबी खोटी?"

आतल्या दाराशी एक बाई उभी होती. पस्तिशीची असेल. तिनं चहा आणून ठेवला. मी पिऊन उठेपर्यंत ती माझ्याकडे टक लावून बघत होती. ती आनंदाची बायको, शालन. तिच्या बघण्यात राग नव्हता. मला तेच खटकलं.

एसटीच्या थांब्यावर मी उभी होते, तर ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. शेतातून घरी जायची वाट ती नव्हती. भारा खाली टाकून तिनं इकडे तिकडे बघितलं.

"बाई, तुमच्याकडं वही असती न्हवं? कुनी दिलं, किती दिलं, त्याची?"

"असते."

"त्यात ह्यांच्या नावाम्होरं काय लिवलंय, बघाल?"

"काय लिहिलेलं असणार?"

"ते मला काय म्हाईत? बघा एकदा. आन मला सांगा. आबास्नी न्हाय, मला."

आबा म्हणजे थोरले दीर, हिंदुराव. दिरापासून लपवून हिला आमची नोंदवही कशाला हवी? परतीच्या वाटेवर मी तेच घोळवत बसले. कुणी वकील हिच्या कानाला लागलाय, आमच्यावर दावा ठोकायचाय, आणि मी अलगद तिच्या हाती कागद द्यायला निघालेय, अशी माझी जवळपास खात्रीच झाली.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी वही काढली.

आंबेखिंडीचं शिबिर. त्रेचाळीस नावं. प्रत्येक नावापुढं वय, गट आणि पिशवीचा नंबर. सगळं काळ्या शाईत, आमचे तंत्रज्ञ माळकरमामा यांच्या सुबक अक्षरात. सत्ताविसावं नाव आनंदाचं. त्याच्या नावापुढं पिशवीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती आणि शेरा होता, 'अपात्र. रक्तदाब २१०/१२०. रक्त घेतले नाही.' अक्षर मामांचंच. पण तेवढीच ओळ निळ्या शाईत.

म्हणजे त्याचं रक्त घेतलंच नव्हतं! मला एकदम हायसं वाटलं. ते जेमतेम मिनिटभर टिकलं. मग मी नंबर बघितले. सव्विसाव्या माणसाची पिशवी अकराशे त्रेसष्ट. अठ्ठाविसाव्याची अकराशे पासष्ट. मी पुढची चार पानं, मागची चार पानं उलटली. अकराशे चौसष्ट नंबरची पिशवी कुठेच नव्हती.

माणसाचं रक्त घेतलं नाही, तर त्याच्या वाटणीची पिशवी गेली कुठे? आणि घेतलं असेल, तर ही निळी ओळ मामांनी मागाहून, कुणाच्या सांगण्यावरून घातली?

वही घेऊन मी डॉक्टर सबनीसांकडे गेले. रक्तपेढी त्यांनीच उभी केलेली. तापट, पण सरळ माणूस अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी पान बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तेरदाळे, जुनी खपली काढू नका."

"सर, शाई वेगळी का आहे?"

"पेन संपलं असेल."

"आणि चौसष्ट नंबरची पिशवी?"

"कॉलेजं आहेत, कारखाने आहेत. तिथं शिबिरं घ्या. आंबेखिंडच कशाला पाहिजे तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी वही मिटली. मला परत दिली नाही. स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

त्या दिवसापासून माझा त्या इमारतीतल्या भिंतींवरही भरवसा राहिला नाही. आठ महिने मी लोकांना छातीठोकपणे सांगत होते की आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं, एकेका थेंबाची नोंद असते. आता ते वाक्य तोंडात आलं की जीभ अडखळायची.

सगळ्यात जास्त माझं लक्ष लागलं ते माळकरमामांवर. पन्नाशी ओलांडलेले, किरकोळ अंगाचे, कमी बोलणारे. रक्तपेढी उघडली त्या दिवसापासून तिथले तंत्रज्ञ. सुई टोचताना ते माणसाला त्याच्या गावच्या देवाचं नाव विचारायचे. तो सांगेपर्यंत सुई आत गेलेली असायची. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला मुलीसारखं वागवलं होतं. आता मी त्यांच्या पाठीवर नजर ठेवून असायचे. आंबेखिंडीचं नाव निघालं की ते खोलीतून उठून जातात, हे माझ्या लक्षात आलं. त्या बाजूच्या एकाही शिबिराला गेल्या तीन वर्षांत ते गेलेले नव्हते, हेही मी हजेरीत बघून ठेवलं.

मग मी एक डाव टाकला. शिबिरांच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, '१२ जून – आंबेखिंड.' कुणाला न विचारता. आणि माझ्या टेबलाशी काम करत बसले.

मामा आले. फळा वाचला. चहाचा कप घेऊन बेसिनकडे गेले आणि बराच वेळ तो एकच कप विसळत राहिले. तासाभरानं त्यांनी माझ्यासमोर रजेचा अर्ज ठेवला. बारा जूनचा.

"बाराला काय आहे मामा?"

"घरी काम आहे."

"मग चौदाला ठेवते."

"चौदालाही आहे."

"म्हणजे मी कुठलीही तारीख ठेवली, तरी तुम्हाला घरी काम असणार?"

मी आवाज चढवला. आज आठवलं की लाज वाटते. मी म्हणाले, "अकराशे चौसष्ट नंबरची पिशवी कुठं आहे, मामा?"

त्यांनी दार लोटून घेतलं आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"रोहिणी, त्या दिवशी फार गर्दी होती," ते म्हणाले. "शाळेचा एकच वर्ग. डॉक्टर रांगेत एकेकाला तपासत होते. तेवढ्यात एका पोराला चक्कर आली, ते तिकडं धावले. मागनं ढोल चालू होता. मंडळाच्या पोरांनी आनंदाला उचलूनच माझ्या खाटेवर आणून टाकलं. 'चांगभलं' काय, शिट्ट्या काय! मला वाटलं, डॉक्टरांचं बघून झालं असेल. मी पिशवी काढली, नंबर चिकटवला. हात बघायला वाकलो तर त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल. म्हणून रक्तदाबाचा पट्टा बांधला. दोनशे दहा. मला खोटं वाटलं. परत घेतलं. तेच."

"मग?"

"मग काय, पिशवी बाजूला ठेवली. त्याला म्हटलं, बाबा, तुझं घेता येत नाही. तू उद्याच्या उद्या दवाखान्यात ये. त्यानं पहिल्यांदा दाराकडं बघितलं. बाहेर पन्नास माणसं उभी. मला म्हणाला, 'मामा, काठी पेलणारा आनंदा असाच उठून गेला तर जन्मभर हसतील. एवढा कापूस तरी लावा.'" मामा थांबले. "मी लावला. कोपराच्या खोबणीत कापूस ठेवला, वर चिकटपट्टी मारली. दहा मिनिटं झोपवून ठेवलं. तो हात वर करून बाहेर गेला. डॉक्टरांनी आधीच सह्या करून दिलेल्या प्रमाणपत्रांवर पोरांनी नावं घालून ठेवलेली, त्यात त्याचंही. दवाखान्याची चिठ्ठी मी त्याच्या खिशात घातली होती. आला नाही."

"आणि निळी शाई?"

"गर्दीत त्याची ओळ तशीच राहिली, नाव तेवढं लिहिलेलं. तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, खरं ते लिहून ठेवा. पण त्या गावात पाऊल टाकू नका, आता कुणी विश्वास ठेवणार नाही. पिशवी कोरी होती. मी ती तशीच कचऱ्यात टाकली होती."

"म्हणजे यातलं काहीच सिद्ध करता येणार नाही."

"नाही," ते म्हणाले. "तुझाही विश्वास नसेल, तर मी काय करणार?"

खरं सांगते, माझा पुरता विश्वास बसला नाही. ऐकायला सगळं जुळत होतं, पण जुळवायला तीन वर्षं मिळालेली होती. मी एवढंच म्हणाले, "हे त्याच्या बायकोसमोर सांगाल?"

मामांनी मान खाली घातली. तशाच खालच्या मानेनं म्हणाले, "हो."

डॉक्टरांना मी काही विचारलं नाही. रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. रस्ताभर मामा खिडकीकडं तोंड करून बसले होते. सोप्यात हिंदुराव होते, शालन होती. हिंदुरावांनी मामांना ओळखलं, बसा म्हटलं नाही. मामाही बसले नाहीत. उभ्यानंच, फोटोकडं न बघता, मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

ते थांबले तसे हिंदुराव उठले.

"मेल्याल्या मानसाला भित्रा ठरवाय आलाय व्हय रं?" त्यांनी मामांचा शर्ट छातीशी धरला. "सवताची मान सोडवाय माझ्या भावाला लबाड म्हनतोस? ह्या भिंतीवर काय टांगलंय, दिसतंय का? सही हाय तुमची!"

मामांनी हात वर केला नाही की मागे सरले नाहीत. मी मधे पडणार, तोवर शालन म्हणाली, "आबा, सोडा त्यास्नी."

"तू गप ऱ्हा."

"सोडा म्हनते न्हवं. कापूस म्या काडलाय."

हिंदुरावांची मूठ सैल झाली.

शालन खांबाला टेकून खाली बसली. ती कुणाकडंच बघत नव्हती. "त्या दिशी सांजच्याला न्हाऊ घालताना पट्टी म्याच ओढली. केसाला चिकाटली हुती, वरडलं. बगितलं तर खाली काईच न्हाई. सुईची खूण न्हाई, डाग न्हाई, कापूस पांडराफेक. मी म्हनलं, अवं, टोचल्यालं कुटं हाय? तर म्हनलं, नवी सुई असती, खूण पडत न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला कळलं हुतं. दिल्यालं न्हाई एवडं कळलं हुतं."

"आन तू बोलली न्हाईस?" हिंदुराव म्हणाले.

"काय बोलू? गावभर मिरवत हुतं. मला वाटलं, भ्यालं. एवडं दांडगं मानूस, सुईला भ्यालं आन लबाड बोललं. लाज वाटली मला त्यांची. मेल्यावरबी वाटली. तीन वरीस रोज त्या फोटोला हार घालतीया आन मनात म्हनतीया, भितरं कुटलं." तिनं न बघताच मामांकडं हात केला. "आन हे म्हनतात, भ्यालं न्हवतं. आजारी हुतं."

मला त्या क्षणी कळलं की मामा खरं बोलत होते, आणि ज्या एका माणसाकडे त्याची साक्ष होती, तिच्यावरच मी वकिलाचा संशय घेतला होता.

मग तिनं मान वर केली आणि मामांकडं बघितलं. तशी नजर मी त्याआधी बघितली नव्हती.

"तुमी घराकडं का न्हाई आला?"

"मी चिठ्ठी दिली होती त्याला," मामा म्हणाले.

"त्यास्नी वाचाय येत न्हवतं! चिट्टी घेऊन काय करतील ते? शाळंपास्नं हे घर पन्नास पावलावर हाय. मला भाईर बोलवून सांगायचं हुतं, बाई, हे असं असं हाय. मी कानाला धरून नेलं असतं. एकुनीस दिस हुतं माझ्या हातात. एकुनीस दिस! मी त्यास्नी खारवाट खायाला घातलं, उनातानात गवताला धाडलं. तुमी कापूस लावलासा आन गेलासा."

"चुकलं माझं," मामा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"चुकलं म्हनलं की हुतंय व्हय?" असं म्हणून ती उठली आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. हिंदुराव भिंतीशी तोंड करून उभे होते. थोडा वेळ थांबून आम्ही निघालो. एसटी यायला दोन तास होते. ते आम्ही थांब्यावर बसून काढले.

मी आंबेखिंडीचं नाव फळ्यावरून पुसून टाकलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "मीच जायला हवं होतं." कपाटातली वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये एका सकाळी शालन रक्तपेढीत आली. एकटीच. मामा आत होते, काचेतून दिसत होते. तिनं त्यांच्याकडे पाठ करून खुर्ची ओढली.

"शिबिर कवा घेताय?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक होतेय. "कुठं?"

"आमच्यात. दुसरं कुटं?"

"पण गाव?"

"गावाला समदं सांगिटलंय. आदी पान्यावर बायकास्नी सांगिटलं, मग गावाला सांगायचं कामच ऱ्हायलं न्हाई."

"आणि हिंदुराव?"

"महिनाभर बोललं न्हाईत माझ्यासंगं. परवा म्हनलं, काय करायचं ते कर." ती पुढे सरकली. "पर एक हाय. ज्याला माघारी लावशीला, त्येला कापूस लावून धाडायचा न्हाय. त्याच्यापाशी कुनीतरी बसायचं. काय झालंय, कुटं जायाचं, समदं सांगायचं. आन घरात सांगायचं."

"घरच्यांना परस्पर सांगता येत नाही, शालनताई. तसा नियमच आहे. माणसाची स्वतःची गोष्ट असते ती."

तिनं जरा विचार केला. "मग त्येलाच इचारायचं. तुझ्या घरात कुनाला सांगू, म्हनून. दारातनं भाईर पडायच्या आदी इचारायचं. एवडं तरी येतंय का न्हाई नियमात?"

येत होतं. इतकी वर्षं आम्ही विचारलं मात्र नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये शिबिर झालं, त्याच शाळेत. ढोल नव्हता, प्रमाणपत्रांचं टेबल नव्हतं. मामा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण सकाळी सहाला ते गाडीत येऊन बसलेले होते. दहा वाजेपर्यंत एकही माणूस आला नाही. लोक लांब चावडीच्या कट्ट्यावर बसून बघत होते, आमच्या पेट्या मोजत होते. साडेदहाला पहिला आला, तो मे महिन्यात बाहेर ओढून नेलेला पोरसवदा नवरा. बायको आणि कडेवरची मुलगी बरोबर. त्याचं रक्त घेतलं. तो उठला, चालत कट्ट्यापर्यंत गेला. तिथं त्याला सगळ्यांनी हात लावून बघितलं. मग एकेक जण उठायला लागला.

ज्यांना नाही म्हणावं लागलं, त्यांच्यासाठी आम्ही शेजारच्या वर्गात बाकडं टाकलं होतं. तिथं डॉक्टर सबनीस स्वतः बसले होते. आणि दारात, सरबताचा तांब्या घेऊन, शालन. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी हिंदुराव आले. कुणाशी न बोलता मामांच्या समोर बसले, दंड पुढे केला. मामांनी पट्टा बांधला. सोडला. पुन्हा बांधला. मी बघत होते. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून हिंदुरावांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शेजारच्या वर्गाकडे बोट केलं.

हिंदुराव उठले. पण शेजारच्या वर्गात न जाता, बाही खाली ओढत, मागच्या दारानं पायऱ्या उतरू लागले.

"आबा!" शालननं तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "किती निगालं?"

"काई न्हाई. बाजूला सर, म्हशीचं बगायचंय."

"किती निगालं, आबा?"

ते माझ्याकडे बघायला लागले, जणू मी सांगू नये असं. सांगणं माझ्या हातात नव्हतंच, ती त्यांची गोष्ट होती. कट्ट्यावरची माणसं माना वळवून बघत होती. हिंदुरावांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा भावजयीकडे.

"वरचा एकशे नव्वद," ते म्हणाले. मोठ्यानंच म्हणाले. "खालचा एकशे दहा."

शालननं डोक्यावरचा पदर नीट केला. "चला. सरपंचाची जीप उभी हाय. आत्ताच जायाचं."

"उद्या जातो की."

"आत्ता."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. हिंदुराव जीपमध्ये चढले, ती त्यांच्या शेजारी बसली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेव्हा तिनं बाहेर वाकून वर्गाच्या दाराकडे बघितलं. तिथं मामा उभे होते. जूनपासून ती त्यांच्याशी अक्षरही बोलली नव्हती.

"तुमी पन चला," ती म्हणाली. "तितल्या डाक्टरला काय इचारायचं, काय सांगायचं, आमास्नी कळनार न्हाई. तुमी सांगा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग अंगातला पांढरा डगला काढून माझ्या हातात दिला आणि धावत जाऊन मागच्या बाकावर चढले.